संत्र्याचं झाड पिवळं पडतंय, बुडाला डिंक येतोय? फवारा मारायच्या आधी हे बघा

पोळा झाला की माझा फोन सुरू होतो. भाचा असतो, सोयरे असतात, कधी ओळखीतल्या ओळखीतलं कोणी, आणि प्रश्न एकच, "मामाजी, चार-पाच झाडं पिवळी पडून राह्यली, काय मारू?" मी दरवेळी एकच सांगतो की बाबा अजून काही मारू नको, आधी झाडाखाली बस, हाताने बुडाची माती सार आणि काय दिसतं ते मला सांग. आमच्या वरुड-मोर्शीकडे, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यात, डिंक्याने (बुडाची साल कुजून डिंक येतो तो रोग) जेवढे बगीचे बसले तेवढे कोळशीनेही (पानं काळी पडतात तो रोग) बसले नसतील असं माझं मत आहे, आणि दुःख याचं वाटतं की यातली बरीचशी झाडं वाचली असती. पैसा वर पानावर मारण्यात जातो आणि रोग खाली खोडाशी पाण्यात बसलेला असतो. सोळा-सतरा वर्षं स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या बगीच्यात हेच करतोय म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतो, फुकटात होणाऱ्या तपासणीपासून सुरू करून.

लक्षणं काय दिसतात

आधी एखादीच फांदी निस्तेज होते. पानाची मधली शीर आणि तिच्या बाजूच्या शिरा पिवळ्या होतात, बाकीचं पान थोडं हिरवं राहतं. हे नीट बघा, कारण जस्ताच्या कमतरतेत याच्या उलट असतं, शिरा हिरव्या आणि शिरांच्या मधला भाग पिवळा, आणि तो पिवळेपणा कोवळ्या पानावर दिसतो. या दोन्हीत गल्लत होते आणि लोक झिंक सल्फेट मारत बसतात. मग नवीन फूट बारीक येते, शेंडे वरून खाली वाळत येतात, फळं मोठी व्हायच्या आत गळतात, आणि काही झाडं अवेळी इतकी फुलतात की बघणाऱ्याला वाटावं यंदा बहार जोरात आहे. ते चांगलं लक्षण नाही. बुडाची साल कुजली की पानात तयार झालेलं अन्न खाली मुळांपर्यंत उतरत नाही, वरच अडकतं, मुळं उपाशी राहतात आणि उपाशी मुळं मग पाणीही नीट ओढत नाहीत. म्हणून ओलीत भरपूर असूनही झाड तहानलेलं दिसतं, आणि कास्तकार बिचारा अजून पाणी देतो. तिथेच झाड जातं.

बुडाजवळ सालीतून तपकिरी डिंकाचे थेंब येतात, साल उभी फाटते. पण एक लक्षात ठेवा, संत्र्याचा डिंक पाण्यात विरघळतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो. म्हणून ऑगस्टमध्ये डिंक दिसला नाही म्हणजे डिंक्या नाही असं धरू नका.

याच्या मागे जी बुरशी आहे तिचं नाव फायटोप्थोरा. आपण बुरशी म्हणतो पण ती खऱ्या बुरशीच्या घराण्यातली नाही, पाण्यातल्या शेवाळाची लांबची नातलग आहे, आणि तिचे बीजाणू शेपटीने पोहतात. अक्षरशः पोहतात. आळ्यात पाणी साचलं की ते पोहत मुळाकडे आणि खोडाकडे येतात. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला तो रोगही हिच्याच भावंडाचा. पाण्याशिवाय ही पुढे सरकत नाही, म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या पाण्यापासूनच सुरू होतात.

पहिली तपासणी, खर्च शून्य: पाणी कुठे थांबतं

ओलीत करून दोन-तीन तासांनी परत बगीच्यात जा. नुसतं धुऱ्यावरून बघू नका, ओळीओळीने फिरा आणि कोणत्या झाडाचं खोड पाण्यात उभं आहे ते बघा. त्या झाडांना रिबीन नाहीतर चिंधी बांधा. मग पिवळी झाडं कोणती ते बघा. मी जिथे जिथे हे केलं तिथे बहुतेक वेळा चिंध्या आणि पिवळी झाडं एकाच पट्ट्यात निघाली, वावराच्या खोलगट बाजूला किंवा पाटाच्या तोंडाशी.

ठिबक असेल तर नळी बघा. कलमं लावताना ड्रीपर बुडाशी ठेवलेले असतात, ते तेव्हा बरोबरच होतं, पण झाड आठ वर्षांचं झालं तरी नळी तिथेच खोडाला टेकून थेंब थेंब सोडत असते. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात, खोडाजवळ नाही. नळी बाहेर सरकवायला एक मजूर आणि एक सकाळ पुरते.

पाटपाणी असेल तर दुहेरी आळं करा. खोडाभोवती दीड-दोन फुटांवर मातीची एक आतली बांगडी आणि फांद्यांच्या घेराएवढी बाहेरची बांगडी, पाणी फक्त दोन बांगड्यांच्या मधे. आणि एका आळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पाणी फोडत नेऊ नका, कारण मग एका आजारी झाडाचे बीजाणू तुम्हीच अख्ख्या ओळीला पोचवता. मधून दांड काढा आणि प्रत्येक झाडाला बाजूने वेगळं तोंड द्या.

जमीन भारी काळी असेल तर आणखी एक बघा. दीड फुटाचा खड्डा खणा, संध्याकाळी पाण्याने भरा, सकाळी जाऊन बघा. सकाळीही पाणी असेल तर नुसत्या आळ्याने भागणार नाही, ओळींच्या मधून उताराच्या बाजूने चर काढावे लागतील आणि चराचं तोंड नाल्यापर्यंत न्यावं लागेल. तोंड बंद असलेला चर म्हणजे वावरात लांबलचक डबकं, तो काढून काही उपयोग नाही.

दुसरी तपासणी: डोळा कुठे आहे

आता बुडाशी बसा. पावडं नको, सब्बल नको, खुरपं आणि हात. माती हळू सारत जा, जिथे खुंट (खालचं मुळाचं रोप) आणि वरचं संत्र्याचं कलम जोडलंय ती जाड गाठ, म्हणजे डोळा, सापडेपर्यंत. डोळा जमिनीच्या वर वीतभर दिसला पाहिजे. मातीत सापडला तर अर्धं उत्तर मिळालं. खालचा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट ओल थोडी तरी सोसतो, वरचं संत्र्याचं खोड मातीच्या ओलीत टिकत नाही.

डोळा गाडला जातो तो बहुतेक आपल्याच हाताने. रोटाव्हेटर ओळीतून फिरतो आणि दरवर्षी दोन बोटं माती बुडाशी फेकतो. शेणखत आणलं की मजूर घमेलं थेट खोडावर ओततात. माझ्या दुसऱ्या बगीच्याच्या वेळी मी पन्हेरी घेतली तेव्हा कलमं टवटवीत होती, पण डोळा भरलेला होता मातीपासून चार बोटांवर. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, असंच असतं. मी ऐकलं. सहाव्या वर्षी खालच्या बाजूची झाडं एकापाठोपाठ एक गेली, आणि जी उपटली त्या प्रत्येकाचा डोळा मातीखाली होता. म्हणून आता कलम घ्यायला कोणी जातं तेव्हा सांगतो, पट्टी घेऊन जा, डोळा नऊ इंचाच्या वर भरलेला असेल तरच घ्या, पान किती हिरवं आहे ते नंतर बघा.

उपाय सोपा आहे. माती आणि खत खोडापासून दूर करा, डोळा उघडा करा, काही दिवस ऊन-वारा लागू द्या. हे पावसाळ्याच्या तोंडी करा, पण आतली बांगडी शाबूत ठेवून, नाहीतर उघडा केलेला खड्डाच पाण्याने भरेल.

तिसरी तपासणी: डिंक आहे, पण डिंक्याच आहे का

संत्र्याच्या सालीला जखम झाली की झाड डिंक सोडतं, मग ती जखम कशाचीही असो. ट्रॅक्टरचा धक्का असेल, विळ्याचा घाव असेल. दोन फांद्यांच्या बेचक्यात भुसा आणि विष्ठा चिकटलेली जाळीची पट्टी दिसली तर ती साल खाणारी अळी आहे. जाळी ब्रशने साफ करा, खाली छिद्र सापडेल, त्यात सायकलची तार घालून अळी मारा, पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि चिखलाने तोंड बंद करा. एवढंच. याला बुरशीनाशक लागत नाही.

डिंक्याचा डिंक बहुतेक बुडाजवळ, डोळ्याच्या आसपास असतो आणि तिथली साल दाबली की ओलसर, गडद लागते. तसं असेल तर पुढे चला.

चौथी तपासणी: चाकू लावा

धारदार चाकू घ्या आणि डिंकाच्या जागी साल अगदी वरवर खरवडा. निरोगी साल आतून हिरवट पांढरी असते, रोगट तपकिरी. मला आठवतं, भाच्याच्या बगीच्यात एका झाडाला बाहेरून फक्त दोन थेंब डिंक होता, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. चाकू लावला तर तपकिरी पट्टा खाली मातीत उतरत गेला, बाजूला सरकत गेला, आणि माती सारली तेव्हा अर्ध्या खोडाला वेढा निघाला. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

आता एक सुतळी खोडाभोवती गुंडाळून घेर मोजा आणि त्यातला कुजलेला भाग किती ते बघा. चौथाई असेल तर झाड वाचतं. अर्ध्यापर्यंत असेल तर मेहनत करा, माझ्याकडे अशी बरीच झाडं सावरली आहेत. अर्ध्याच्या बरंच पुढे गेलं असेल तर मी त्यावर पैसे लावत नाही आणि दुसऱ्यालाही लावायला सांगत नाही.

कुजलेली साल निरोगी भाग दिसेपर्यंत आणि त्याच्या पुढे बोटभर काढा, लाकडात खोल जाऊ नका. खाली जुनी ताडपत्री अंथरा म्हणजे खपल्या आळ्यात पडणार नाहीत, त्या बगीच्याबाहेर नेऊन जाळा. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवा, एका लिटरला 10 ग्रॅम, आणि चाकू प्रत्येक झाडानंतर त्याच पाण्यात बुडवा. चाकू न धुता दहा झाडांना लावला तर रोग तुम्ही वाटत चालला आहात.

मग बोर्डो मलम. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचं औषध), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून रात्री 5 लिटर पाण्यात लटकवा, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. चुना वेगळ्या बादलीत आधी थोड्या पाण्यात विझवा, तो उकळतो, तोंड वर नेऊन वाकून बघू नका, डोळ्यात उडाला तर कायमचं नुकसान होतं. थंड झाला की बाकीचं पाणी टाकून गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा, आभाळी रंग यायला पाहिजे. आता स्वच्छ लोखंडी चाकू त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर बसला तर मलम आंबट आहे, सालीला पोळेल, अजून चुन्याची निवळी टाका आणि परत बघा. पातं जसंच्या तसं निघालं की लावा. ही चाकूची परीक्षा फार लोक टाळतात आणि मग म्हणतात बोर्डोने साल जळली.

मलम बुडापासून तीन फुटांपर्यंत ब्रशने लावा, केलं त्याच दिवशी संपवा. वर्षातून दोनदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी मे अखेर आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात, फक्त आजारी झाडाला नाही, सगळ्या बगीच्याला. जाता जाता सांगतो, हे मिश्रण फ्रान्समध्ये बोर्दोच्या द्राक्षबागांतून आलं, मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने 1885 मध्ये ते द्राक्षाच्या केवडा रोगावर जाहीर केलं, आणि तो केवडाही याच पाण्यात पोहणाऱ्या जातीतला. म्हणून इतकी वर्षं झाली तरी ते इथे कामाला येतं.

पाचवी तपासणी: मुळं

खोड ठीक दिसतंय तरी झाड पिवळं आहे, असं असेल तर मुळं बघा. फांद्यांच्या घेराच्या कडेला तीन-चार ठिकाणी वीतभर माती उकरा आणि बारीक मुळं दोन बोटांत धरून ओढा. निरोगी मूळ पांढरट पिवळं, टणक असतं. सडलेल्या मुळाची साल मोज्यासारखी सरकून बोटात येते आणि आत नुसता धागा उरतो. तो धागा दिसला की शंका नाही, मूळसड आहे. आणि बारीक मुळांवर माती चिकटून बसली असेल, धुतली तरी निघत नसेल, तर सूत्रकृमीचा (मुळांना लागणारे बारीक जंत) संशय घ्या, पण तो डोळ्याने पक्का होत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

मूळसडीला पहिल्या तपासणीतली पाण्याची दुरुस्ती झाल्यावरच औषध द्यायचं, नाहीतर औषध पाण्याबरोबर वाया जातं. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं जोड औषध लिटरला 2.5 ग्रॅम आळ्यात ओतायचं, किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम 2.5 ग्रॅम लिटरला पानावर फवारायचं. फोसेटिलची गंमत अशी की ते पानातून खाली मुळापर्यंत उतरतं, झाडात शिरणारी बहुतेक औषधं फक्त वर चढतात. पण ते तांब्याच्या औषधात मिसळू नका. आणि मेटॅलॅक्झिल वर्षातून सारखं सारखं देऊ नका, बुरशी त्याला सरावते. डब्यावरचं लेबल वाचून, तोडणीला किती दिवस आहेत ते बघून मगच.

कार्बेन्डाझिमबद्दल मला कळकळीने सांगायचंय. कृषी केंद्रात "झाड सुकतंय" म्हटलं की बरेचदा तेच हातात ठेवतात. फायटोप्थोरावर ते चालतच नाही, कारण वर म्हटलं तसं ही खरी बुरशी नाही. उलट मातीतली उपयोगी बुरशी ट्रायकोडर्मा, जी आपल्या बाजूची आहे, ती मात्र त्याने मरते. ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या आणि रासायनिक औषध आणि त्याच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

ड्रेंचिंग (आळ्यात औषध ओतणं) असो की फवारा, हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे, वाऱ्याकडे पाठ. 2017 मध्ये यवतमाळकडे कपाशीवर फवारताना विषबाधेने माणसं गेली, ती आपल्यासारखीच रोजची फवारणी करणारी होती. चक्कर, उलटी, डोळ्यासमोर धूसर, यातलं काही झालं तर काम तिथेच सोडा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

अख्खं झाड आठवड्याभरात वाळलं आणि पानं गळली नाहीत, झाडावरच लटकून राहिली, तर ते साधं डिंक्याचं प्रकरण नसेल, कोरडी मूळकूज असू शकते, तिथे माझे उपाय लावू नका. पानावर पिवळी-हिरवी ठिगळं मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी, फळं वाकडी आणि कडवट, असं असेल तर ग्रीनिंग रोगाचा संशय आहे. त्याला औषध नाही, त्या झाडाच्या फांद्यांवरचे डोळे (कळ्या) कलमाला कोणालाही देऊ नका आणि तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल उचलू नका. पाणी सुधारलं, मलम लावलं, एक ड्रेंचिंग झालं आणि तरी पुढच्या फुटीत नवीन झाडं पिवळी पडतायत, किंवा एकाच हंगामात एका पट्ट्यातली दहा-बारा झाडं बसली, तर तिसरं औषध आणायला दुकानात जाऊ नका. तालुक्याजवळचं कृषी विज्ञान केंद्र, नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, इथे नमुना घेऊन जा. जाणं जमत नसेल तर किसान कॉल सेंटर 1800-180-1551.

नमुना पूर्ण मेलेल्या झाडाचा घेऊ नका, तिथे आता दुसऱ्याच बुरश्या बसलेल्या असतात. नुकतंच पिवळं पडू लागलेलं झाड निवडा, फांद्यांच्या घेराखालून वीतभर खोलीची माती आणि त्यातली बारीक मुळं तीन-चार जागची, ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत. उन्हात वाळवू नका, मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारभर ठेवू नका, कारण जिवंत बुरशी सापडली तरच तपासणी होते. बरोबर एक चांगल्या झाडाचा नमुना वेगळ्या पिशवीत, आणि चिठ्ठीवर झाडाचं वय, खुंट कोणता, ओलीत कसं देता, आतापर्यंत काय काय दिलं ते खरं खरं लिहा. लोक औषधं लपवतात, मग सल्ला चुकतो.

मेलेलं झाड मुळासकट काढा, खड्डा उन्हाळाभर उघडा राहू द्या. त्याच खड्ड्यात जूनमध्ये लगेच नवीन कलम लावायची घाई नको, ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते. लावालच तेव्हा उंचवटा करून, रंगपूरच्या खुंटावरचं, उंच डोळ्याचं.

आणि ज्या झाडावर इलाज केला त्याचा त्या वर्षी बहार धरू नका. ताण देऊ नका, म्हणजे बहारासाठी पाणी तोडू नका, आलेली फळं लहान असतानाच तोडा. हे कोणाच्याही हाताने होत नाही, मला माहीत आहे, भाच्यालाही जड गेलं. त्याची अकरा झाडं होती, सगळ्यांना लाल रिबीन बांधून आम्ही दोघांनी फळं तोडली आणि पुढच्या फुटीची वाट पाहिली. जानेवारीअखेर नवीन पान आलं तेव्हा तो पट्टी घेऊन मोजत होता. आठ झाडांचं पान शेजारच्या चांगल्या झाडाएवढं निघालं. उरलेल्या तिघांची फूट बारीकच राहिली, ती आम्ही मार्चमध्ये काढली.